स्वारी नाही, तरीही जावे अशी पागा

पुण्याच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी एक खासगी पागा आहे. तिथे रविवारी सकाळी ३ तास घोड्यांच्या सहवासात घालवता येतात. मात्र या वेळेत कोणालाही घोड्यावर बसवत नाहीत आणि ही अट नावनोंदणी करतानाच स्पष्ट सांगतात. शुल्क स्वारीच्या एका धड्याच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे ‘बसायचेही नाही, मग पैसे कशाचे?’ असा प्रश्न अनेकांना पडतो. माझ्या मते हे पैसे वसूल होतात, आणि ते मुख्यतः खरारा (घोड्याचे अंग घासणे) व शिंगरे (घोड्यांची पिल्ले) या दोन गोष्टींमुळे.

सुरुवात खराऱ्याने होते. घोड्याला थेट मागे आणि अगदी कपाळासमोर दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे असते. आमच्या गटातील एका बाईंनी उत्साहाने घोडीच्या तोंडाकडे हात नेला, तेव्हा घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार मामा शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, आधी खांद्यावर हात ठेवा, तिला कळू द्या कोण आलंय ते.’’ रबरी खरारा गोल फिरवत मानेकडून पाठीकडे जाताना आयाळ संपते त्या उंचवट्यावर हात पोहोचला, की घोडी मान लांबवते, वरचा ओठ पुढे काढून थरथरवते आणि खाजवणे थांबताच मागे वळून पाहते. त्यानंतर खूर साफ करायला शिकवतात. टाचेकडून पुढे आकडी ओढत माती आणि लीद काढायची, परंतु मधल्या मऊ त्रिकोणी भागाला टोचायचे नाही. पावसाळ्यात तिथे ओल राहिली तर तो भाग कुजतो, हे सांगताना मामांनी प्रत्येकाला खुराचा वास घ्यायला लावला. काहींनी नाके मुरडली, पण निरोगी खूर कसा असतो हे त्या वासामुळेच कळले.

शिंगरांच्या बाबतीत ही पागा कमालीची कडक आहे. घोडी सुमारे ११ महिने गाभण असते आणि बहुधा रात्रीच विते. शिंगरू तासाभरात उभे राहते आणि पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक जावा लागतो. व्यायल्यानंतरचे सुरुवातीचे आठवडे त्या भागात पाहुण्यांना सोडतच नाहीत. पुढेही कुंपणाच्या आत शांतपणे बसून राहायचे आणि शिंगरू आपणहून आले तरच त्याला हात लावायचा, असा नियम आहे. हाताने गूळ भरवायला मनाई आहे, कारण त्यातून चावण्याची खोड लागते. आमच्यासमोर एका शिंगराने आईची ताजी लीद खायला सुरुवात केली, तशी मुलांमध्ये ‘ईऽऽ’ झाले. पचनाला लागणारे जिवाणू त्याला अशाच मार्गाने मिळतात, हे समजल्यावर मात्र सगळी पोरे कुंपणाला चिकटली. हौशी पर्यटकांच्या एका ठिकाणी मी वर्षभराच्या शिंगरावर लहान मूल बसवून फोटो काढताना पाहिले आहे. त्या पार्श्वभूमीवर ३ वर्षांच्या आत कोणत्याही जनावराच्या पाठीवर खोगीर न चढवणारी ही पागा मला विश्वासार्ह वाटली.

इथे आत वळलेल्या कानांचे मारवाडी आणि काठेवाडी घोडे आहेत, काही सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून आणलेले. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडीची एक बुटकी, काटक घोडीही आहे. मराठ्यांच्या घोडदळाशी नाते सांगणारी आणि आजही धनगरांच्या वाड्याबरोबर (मेंढरांसह फिरणाऱ्या तांड्याबरोबर) बिऱ्हाड वाहणारी ही जात इथे कोपऱ्यातल्या ठाणावर बांधलेली असते आणि तिच्याविषयी कोणी चार वाक्येही बोलत नाही, हे खटकले. सगळी माहिती व्यवस्थापक इंग्रजीत देतात. ज्यांना जनावर खरोखर कळते ते मोतद्दार विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. गटही मोठा असतो. १५ माणसे एकदम कुंपणात शिरली की घोड्या कान मागे टाकतात आणि शिंगरे आईच्या पलीकडच्या बाजूला जातात, त्यामुळे निम्मा वेळ त्यांच्या शेपट्याच दिसतात. गट निम्मा केला तर शुल्क थोडे वाढले तरी चालेल. थांबायला सावली नाही, स्वच्छतागृह एकच आहे आणि माशांचा त्रास धरूनच चालावे.

जायचे असल्यास शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्यावी. तेव्हा घोड्यांची चंदी (खुराक) नुकतीच खाऊन झालेली असते आणि ऊनही चढलेले नसते. पाय पूर्ण झाकणारे बूट आवश्यक आहेत, चप्पल घालून आलेल्यांना बाहेरूनच पाहावे लागते. ७-८ वर्षांपेक्षा लहान मुलांना एवढा वेळ गप्प बसणे जमत नाही, त्यांना आणू नये. भीमथडी घोडीजवळ जायचे असेल तर आल्याबरोबर मामांना तसे सांगून ठेवावे. ते आनंदाने नेतात.