जर्मनीच्या प्रवेशाच्या नावाखाली आमचे २,१५,१०० रुपये गेले, तुमचे वाचवा

नोंदणीचे १५,०००. 'प्रोफाइल आणि एसओपी'चे, म्हणजे अर्जासोबत स्वतःविषयी लिहायच्या निवेदनाचे, ४५,०००. पाच विद्यापीठांच्या अर्जांचे २२,५००. एपीएस नावाच्या दाखल्याचे १८,०००. आणि 'सीट कन्फर्मेशन' म्हणून १,१४,६००. सगळे मिळून २,१५,१०० रुपये घेऊन परदेशी शिक्षणाच्या एका सल्लागाराने माझ्या मुलीचा एकही अर्ज कुठल्याही विद्यापीठाकडे पाठवला नाही. जे प्रवेशपत्र त्याने तिच्या हातात दिलं, ते बनावट होतं.

हे मी लिहू नये असं घरात सगळ्यांचंच म्हणणं आहे. बडोद्यात आपला मराठी समाज केवढा, दांडिया बाजारात कोणी शिंकलं तर रावपुऱ्यात कळतं, मुलीचं नाव निघेल, लोक काय म्हणतील. लोक म्हणोत. ज्याने पैसे खाल्ले तो उजळ माथ्याने फिरणार आणि आम्ही तोंड लपवून बसायचं, हे मला मान्य नाही.

आम्ही त्याच्याकडे गेलो ते रस्त्यावरची पाटी वाचून नाही. सयाजीगंज-फतेहगंज भागात दर दोन दुकानांआड परदेशी शिक्षणाची पाटी आहे, त्यातल्या कोणावर आमचा विश्वास नव्हता. याचं नाव माझ्या जावेने दिलं. तिच्या माहेरच्या एका मुलाला याने खरोखर पाठवलं होतं, तो मुलगा आजही जर्मनीत शिकतोय, मी स्वतः त्याच्याशी फोनवर बोलले होते. आणखी किती चौकशी करायची माणसाने? त्यात हा मराठी बोलणारा. 'वहिनी, आपल्याच माणसाला फसवून मी कुठे जाणार?' हे त्याचं पहिल्या भेटीतलं वाक्य. ऑफिसात त्याच्या खुर्चीमागे सयाजीराव महाराजांची मोठी तसबीर. महाराजांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, हे तो येणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना सांगायचा. आम्ही बडोदेकर, महाराजांचं नाव काढलं की आमचे हात आपोआप जोडले जातात. ज्या माणसाने त्या नावाच्या आड हा धंदा केला, त्याला मी कधीही माफ करणार नाही.

मुलगी कलाभवनातून, म्हणजे इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग विद्याशाखेतून, केमिकलची इंजिनिअर झाली, चांगल्या गुणांनी. तिला तिकडे मास्टर्स करायचं होतं. जर्मनी निवडलं कारण सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही. आमच्यासारख्यांना अमेरिका परवडत नाही. मी पतपेढीत नोकरी करते, यजमान मकरपुऱ्याला कारखान्यात. हे पैसे माझ्या दोन मुदत ठेवी मोडून दिले होते.

आता मूळ गोष्ट सांगते, कारण सगळी फसवणूक हिच्यावर उभी होती. नोंदणीच्या दिवशीच त्याने मुलीच्या नावाने एक नवा ईमेल उघडला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. कारण काय, तर 'विद्यार्थी मध्येच काहीतरी क्लिक करतात आणि अर्ज बाद होतो, सगळा पत्रव्यवहार आमच्याकडे एका जागी राहू द्या.' ऐकायला बरोबर वाटतं. पण त्यानंतर विद्यापीठाने काही पाठवलं, नाही पाठवलं, हे आम्हाला कळण्याचा रस्ताच उरला नाही. तो सांगेल तेच खरं.

मुलांनो, ईमेल तुमचा, पासवर्ड तुमचा, फोन नंबर तुमचा. जो सल्लागार पासवर्ड द्यायला नाही म्हणतो, त्याच्या ऑफिसातून त्याच क्षणी उठा. तो कितीही नावाजलेला असो.

जर्मनीचे बरेच अर्ज युनी-असिस्टमार्फत जातात, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज विद्यापीठांसाठी तपासणाऱ्या तिथल्या संस्थेमार्फत. तिथलं खातं विद्यार्थ्याने स्वतः उघडायचं असतं आणि ते उघडायला पैसे पडत नाहीत. एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो. म्हणजे पाच विद्यापीठांचे १९५ युरो. याने २२,५०० घेतले आणि १९५ युरोसुद्धा भरले नाहीत. युनी-असिस्टची पावती मुलीने मागितली तेव्हा त्याने स्वतःच्या लेटरहेडवर टाइप केलेला कागद दिला, खाली शिक्का. भरलेल्या पैशांची नोंद तुमच्या खात्यात लॉगिन करून दिसायला हवी. शिक्क्याच्या कागदाला काडीचीही किंमत नाही.

आणि आता तो दिवस. मे महिना, संध्याकाळ, मी भाकरी करत होते. मुलीच्या व्हॉट्सॲपवर त्याने पीडीएफ पाठवली. विद्यापीठाचं नाव, चिन्ह, खाली सही, सगळं जर्मन आणि इंग्रजीत. आम्ही देवापुढे साखर ठेवली. शेजारी पेढे वाटले. मी जावेला फोन केला. आणि या सगळ्या गडबडीत मुलगी म्हणाली, 'आई, पण माझं एपीएस तर अजून आलेलंच नाही. मग यांनी प्रवेश कसा दिला?'

तिथेच सगळं उघड होतं. एपीएस म्हणजे तुमच्या भारतातल्या पदव्या आणि गुणपत्रिका खऱ्या असल्याचा दाखला. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना तो लागतोच आणि आम्ही निवडलेल्या विद्यापीठाने तो अर्जासोबतच मागितला होता, हे त्यांच्या संकेतस्थळावर लिहिलेलं होतं. मुलीने ते वाचलेलं होतं. तिने लगेच त्याला फोन लावला. त्याने क्षणभरही न अडखळता उत्तर दिलं, 'आपलं टाय-अप आहे, त्यांनी आधी प्रवेश दिला, एपीएस नंतर जोडायचं.' इतक्या सहज. मला अजून ते उत्तर झोपेत ऐकू येतं. आम्ही अडाणी नाही. वीस-बावीस वर्षं मी कर्जदारांचे कागद तपासत आलेय, खोटी पगारपत्रकं मी पकडली आहेत. पण पगारपत्रक खोटं आहे हे मला कळतं कारण खरं कसं असतं ते मला माहीत असतं. जर्मन विद्यापीठाचं खरं पत्र आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलं होतं? ज्याला माहीत आहे असं आपण धरून चाललो होतो, त्याच्याकडेच तर विचारलं.

त्याच पत्रात सत्र १ सप्टेंबरला सुरू होईल असं लिहिलं होतं. जर्मनीत हिवाळी सत्र विद्यापीठांत १ ऑक्टोबरला सुरू होतं. १ सप्टेंबर असतो तो उपयोजित विज्ञानाच्या महाविद्यालयांत, ज्यांना तिकडे होखशूल म्हणतात. त्याने बहुधा कुठल्या तरी होखशूलचं जुनं पत्र घेऊन त्यावर विद्यापीठाचं नाव चढवलं असावं. हे आता कळतं. तेव्हा १ सप्टेंबर वाचून आम्ही बॅगांची यादी करायला घेतली होती.

पत्रानंतर चार दिवसांत १,२०० युरो मागितले, 'सीट कन्फर्मेशन.' ९५ रुपये ५० पैसे दराने १,१४,६००. मुलगी म्हणाली सरकारी विद्यापीठात फी नसते. तर म्हणे, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये घेतात, म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही आता घेतं, तुम्ही तपासा. आम्ही तपासलं आणि ते खरंच निघालं! बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, म्युनिकनेही फी लावली आहे. पण आमचं विद्यापीठ त्या राज्यातलं नव्हतं, म्युनिकचंही नव्हतं. अर्धं खरं सांगून उरलेल्या अर्ध्यात तो आम्हाला घेऊन गेला. आपल्याकडे खासगी इंजिनिअरिंगला जागा राखायला पैसे भरावेच लागतात, त्यामुळे आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. पैसे गेले ते इथल्याच एका बँकेत, त्याच्या फर्मच्या चालू खात्यात. विद्यापीठाला पैसे भरायचे असतील तर ते विद्यापीठाच्या खात्यात जातात, जर्मनीतल्या खात्याचा आकडा 'डीई' या अक्षरांनी सुरू होतो. दुसऱ्या कोणाच्या खात्यात विद्यापीठाची फी भरू नका.

मग तो ब्लॉक्ड अकाउंटवर आला. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो विद्यार्थ्याच्या नावे अडकवून ठेवावे लागतात, महिन्याला ९९२ प्रमाणे. हा नियम खरा आहे. याने सांगितलं, रक्कम आमच्या खात्यात द्या, आम्ही एकगठ्ठा पाठवतो, दर चांगला मिळतो. साडेअकरा लाखांच्या घरातली रक्कम! यजमान पीएफमधून काढायला निघालेच होते. ब्लॉक्ड खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाने उघडतं, पैसे तुमच्या बँकेतून थेट तिथे जातात, मध्ये कोणीही नसतो. कोणीही नसायला हवं.

वाचलो ते मुलीमुळे. वसतिगृहासाठी काय करायचं हे विचारायला तिने स्वतःच्या जुन्या ईमेलवरून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागाला पत्र लिहिलं आणि प्रवेशपत्र जोडलं. दोन दिवसांत उत्तर आलं. तुमच्या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही, हे पत्र आमचं नाही. एपीएसकडे विचारलं, तिथेही अर्ज नाही.

माझ्या अंगाला कापरं भरलं ते पैशांमुळे नाही. ते पत्र घेऊन मुलगी व्हिसाला गेली असती तर? खोटे कागद तिने दिले असं धरलं गेलं असतं. २०२३ साली कॅनडात शिकायला गेलेल्या शेकडो पंजाबी मुलांची प्रवेशपत्रं एजंटांनी बनावट दिलेली निघाली आणि देश सोडण्याच्या नोटिसा मुलांना आल्या. त्यातली कित्येक मुलं तोवर शिकून नोकरीला लागली होती. म्हणून पत्र हातात आलं की पेढे आणण्याआधी विद्यापीठाला स्वतःच्या ईमेलवरून एक ओळ लिहा. पत्ता विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घ्या, पत्रावर छापलेला नको.

आम्ही त्याच्या ऑफिसात गेलो. आधी म्हणाला दिल्लीच्या पार्टनरने फसवलं. मग करारातलं कलम दाखवलं, 'सेवाशुल्क परत मिळणार नाही.' पुढच्या आठवड्यात ऑफिसला कुलूप, तसबीर उतरवलेली.

आणि मग सरकारी दारं. १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन केला. तिकडून उत्तर, पैसे पाठवून बरेच दिवस झालेत, आता खातं गोठवून काय मिळणार, तरी तक्रार टाका. टाकली. सायबरवाले म्हणाले, तुम्ही ऑफिसात जाऊन व्यवहार केलाय, हा सायबर गुन्हा नाही, पोलीस स्टेशनला जा. बनावट पत्र व्हॉट्सॲपवर आलं, ईमेल त्याने उघडला, तरी सायबर नाही! घराजवळच्या पोलीस स्टेशनात सांगितलं, ऑफिस ज्या हद्दीत तिथे जा. त्या हद्दीतल्या साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, 'बेन, आ तो सिव्हिल मॅटर छे, कन्झ्युमरमां जाओ.' बनावट सही-शिक्क्याचं पत्र समोर टेबलावर पडलेलं असताना सिव्हिल मॅटर! ग्राहक आयोगाच्या खिडकीवर विचारलं तर तिथला कारकून म्हणतो, खोटे कागद असतील तर पोलिसांत जा. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आमचा संबंध नाही. प्रत्येक ठिकाणी झेरॉक्सचे तीन-तीन संच, प्रत्येक ठिकाणी 'साहेब जेवायला गेलेत.' एका हवालदाराने तर माझ्या मुलीला विचारलं, इथे काय वाईट आहे, कशाला जायचंय बाहेर? मी तिथे काय बोलले ते लिहीत नाही.

परक्या देशातलं विद्यापीठ एका अनोळखी मुलीला दोन दिवसांत स्वच्छ उत्तर देतं आणि आपल्या गावात आपल्याच करातून पगार घेणारी माणसं कागदाला हात लावत नाहीत. नोकरीसाठी परदेशी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याने परराष्ट्र खात्याची नोंदणी लागते. शिकायला मुलं पाठवणाऱ्याला त्या कायद्यात जागाच नाही. म्हणजे उद्या हाच माणूस दुसऱ्या नावाने, दुसऱ्या पाटीखाली बसू शकतो आणि विचारणारं कोणी नाही.

ओळखीच्या वकिलांनी सांगितलेलं तुम्हालाही उपयोगी पडेल. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, खोटे दस्तऐवज करण्याला वेगळं कलम आहे, तेव्हा 'सिव्हिल' ऐकून परत फिरू नका. पोलीस स्टेशनने एफआयआर घेतला नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना तक्रार लेखी पाठवता येते, रजिस्टर पोस्टाने, पोच जपून ठेवायची. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील करायलाच हवा असंही नाही. आम्ही दोन्ही केलंय. रोख एक रुपयाही दिला नव्हता, म्हणून निदान बँकेच्या नोंदी हातात आहेत. फोनवरचं बोलणं लगेच व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायची सवय मुलीला होती, ते 'टाय-अप आहे'वालं उत्तरसुद्धा लेखी आहे.

मुलीने आता सगळं स्वतः सुरू केलंय. अभ्यासक्रम डीएएडी या जर्मन शैक्षणिक संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, प्रत्येक विद्यापीठाच्या अटी आणि शेवटची तारीख तिथून कळते. एपीएसचे १८,००० पुन्हा भरले, या वेळी तिच्या हाताने, आणि अर्जाचा क्रमांक तिच्या ईमेलवर आला. एसओपी तिने चार संध्याकाळी बसून लिहिलं. ज्याचे आम्ही ४५,००० दिले होते, त्यात तिच्या कॉलेजचं नावही चुकीचं होतं, आणि तेव्हा तो ते आम्हाला वाचायलाही देत नव्हता. लिहिलेलं वाचू देत नाही त्यालाही पैसे देऊ नका.

ज्यांचे पैसे याच माणसाकडे अडकले आहेत अशी आणखी दोन घरं मला भेटली आहेत, दोघांनीही अब्रूच्या भीतीने तक्रार केलेली नाही. पोलीस एकट्या बाईला सिव्हिल म्हणून परत पाठवतात, चार घरं एकदम उभी राहिली तर त्यांना लिहून घ्यावंच लागेल. तुमच्याकडे तसबीरवाल्या ऑफिसची पावती असेल, किंवा तुमच्या मुलाचा पासवर्ड अजून त्याच्याकडे असेल, तर कागद फाडू नका आणि गप्प बसू नका. पोलीस आयुक्तालयात आम्ही पुन्हा जाणार आहोत, आमच्याबरोबर या.