बोल्ट जलद चालवायचा कसा: चिमूट, तळवा की स्ट्रेट-पुल?

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या रायफल स्पर्धेचं, कांस्य आणलं. तेव्हापासून कोल्हापुरात एअर रायफल सोडून .22 च्या काडतुसाच्या रायफलकडे वळणारी पोरं बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड उघडणारा-बंद करणारा दांडा, जलद चालवायची पद्धत विचारतात. माझं मत आधीच सांगतो: रायफल खांद्यावरून न हलवता बोल्ट चालवायला शिका, पकड कोणती हे नंतर ठरवा.

तिथं क्वालिफिकेशनला 60 गोळ्यांसाठी 90 मिनिटं होती, म्हणजे घड्याळाशी शर्यत नाहीच. शर्यत वाऱ्याशी असते. वारं एकसारखं वाहतंय तोवर दोन-तीन गोळ्या जास्त मारता आल्या, तर तिथंच गुण वाचतात. प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारताना, बट (रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) खांद्यातून सुटला की पोझिशन पुन्हा जुळवावी लागते, आणि तेवढ्यात वारं फिरतं. म्हणून डावं कोपर चटईवरून हलू द्यायचं नाही, बट जागेवर ठेवायचा आणि उजव्या हातानंच बोल्ट उघडून राउंड, म्हणजे पुढची गोळी, घालायचा. स्टँडिंगला बरेच जण दोन गोळ्यांच्या मध्ये रायफल स्टँडवर टेकवतात, त्यामुळे तिथं या चपळाईचं फारसं काम नाही.

आता पकड. चिमटीत, म्हणजे अंगठा आणि तर्जनीत, बोल्टची मूठ धरायची, ती सोडायचीच नाही आणि ट्रिगर मधल्या बोटानं दाबायचा, ही थ्री नॉट थ्रीची जुनी पद्धत. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायांकडून 300 यार्डांवर मिनिटात 15 नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे, ती याच रायफलवर. तिचा बोल्ट कमी उचलावा लागतो आणि गोळीवर आपटणाऱ्या पिनेची स्प्रिंग बोल्ट बंद करताना ताणली जाते, म्हणून उघडताना चिमटीचं बळ पुरतं. पण हे मॅगझिनच्या रायफलला ठीक. 50 मीटरची मॅच रायफल सिंगल शॉट, दर वेळी एकच गोळी हातानं घालायची. राउंड घालायला मूठ सोडावीच लागते, मग चिमटीचा फायदा उरला कुठं? शिवाय हलक्या ट्रिगरवर घोटवलेली तर्जनी सोडून मधलं बोट आणणं मला अजिबात पटत नाही.

माउझर या जर्मन रायफलच्या पद्धतीच्या बोल्टला मात्र तळवाच हवा. त्याची स्प्रिंग उघडताना ताणली जाते, मूठ जवळपास काटकोनात उचलावी लागते. चिमूट तिथं घसरते. उघड्या तळव्यानं वर उचला, बोटांनी मागं ओढा, अंगठ्याच्या बुडानं पुढं ढकलून खाली दाबा.

स्ट्रेट-पुलमध्ये मूठ फिरवावीच लागत नाही: तर्जनीनं मागं, अंगठ्यानं पुढं. आन्शुट्झ या जर्मन कंपनीची फोर्टनर रायफल बायथलॉनमध्ये, म्हणजे बर्फावर स्कीइंग करत मध्ये नेमबाजी करायच्या खेळात, यासाठीच चालते. तिथं पाच गोळ्यांचं मॅगझिन असतं आणि धाप लागलेली असते. थ्री पोझिशनसाठी तिच्यावर खर्च करू नका. तो पैसा तुमच्या बॅरलला कोणत्या लॉटची (कारखान्यातल्या एका खेपेची) गोळी मानवते हे तपासण्यात घाला.

सराव रिकामी केस घालून, नळी टार्गेटकडेच ठेवून करा. बोल्ट पूर्ण बंद होईपर्यंत बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर. हे अंगवळणी पडेपर्यंत वेग मोजू नका.