‘तीन महिन्यांत बोलायला लागेल’ अशी हमी कोणी दिली तर

बोलायला उशीर झालेल्या मुलाच्या आईवडिलांना फसवणं सोपं जातं, कारण फसवणाऱ्याचं निम्मं काम निसर्ग करतो. दोन वर्षांचं मूल पन्नासपेक्षा कमी शब्द बोलत असेल, किंवा ‘आई ये’, ‘अजून दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर त्याला उशिरा बोलणारं मूल म्हणतात. यातल्या ज्या मुलांना नीट ऐकू येतं, सांगितलेलं समजतं आणि जी बोट दाखवून, ओढत नेऊन आपलं म्हणणं पोचवतात, त्यांतली बरीचशी तीन-चार वर्षांची होईपर्यंत बरोबरीच्या मुलांना गाठतात. त्या काळात कोणी जिभेला काही चोळलं, कानाला हेडफोन लावला, डोक्यावर पट्टा बांधला, तर श्रेय त्यालाच मिळतं. जी मुलं मागेच राहतात, त्यांच्या पालकांना ‘तुम्ही घरी सराव कमी घेतला’ असं सुनावलं जातं. बोललं तर उपचाराचं यश, नाही बोललं तर आईचा दोष. या सौद्यात विकणाऱ्याचं नुकसान कधीच होत नाही.

फसलेल्या पालकांनी सांगितलेला क्रम जवळपास एकच असतो. आधी मोफत तपासणी. ती वीस मिनिटांत संपते आणि हातात रंगीत आलेखांचा अहवाल पडतो: ‘एकाग्रता 35 टक्के, वाचाशक्ती 20 टक्के’. हे आकडे कोणत्या चाचणीचे आणि कोणत्या वयाच्या मुलांशी ताडून काढलेले, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग ‘मेंदूची ही खिडकी आता बंद होत आली आहे’ अशी भीती, आणि लगेच साठ सेशनचं पॅकेज, आगाऊ पैसे भरले तर सवलत. पावतीवर बारीक अक्षरात ‘रक्कम परत मिळणार नाही’. सेशन बंद दाराआड, पालक बाहेर.

या सगळ्यात एक प्रश्न विचारलेला नसतो, आणि आमच्या मते फसवणुकीची सर्वात पक्की खूण तीच: ‘मुलाची श्रवणचाचणी झाली आहे का?’ न बोलणाऱ्या मुलाचे कान आधी तपासायचे, यात तडजोड नाही. मागून टाळी वाजवली आणि मूल वळलं, ही चाचणी नव्हे. टाळी मोठी असते, हवा हलते, सावली दिसते. एका कानाने ऐकणारं मूल टाळीला वळतं. उंच पट्टीचे आवाज ऐकू न येणारं मूलही वळतं, पण स, श, फ त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तर ऐकणं आठवड्यागणिक कमीजास्त होतं, आणि मूल ‘मुद्दाम दुर्लक्ष करतं’ असा शिक्का बसतो. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, ओएई (आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद), टिंपॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल), गरज पडल्यास बेरा (आवाजाला श्रवणाच्या मज्जातंतूचा प्रतिसाद) आणि वयाला साजेशी वर्तनावर आधारित चाचणी करतात. एकच चाचणी पुरत नाही: ओएई आतल्या कानातल्या केसपेशींबद्दल सांगते, पुढच्या मज्जातंतूबद्दल नाही. हे न पाहता साठ सेशन विकणारा माणूस मुलाचं भलं पाहत नाही.

जाहिरातीतला ‘आधी आणि नंतर’ व्हिडिओ नीट पाहा. आधीचा भाग पहिल्याच दिवशी, अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर घेतलेला असतो. तिथे बोलणारं मूलही गप्प बसतं. नंतरच्या भागात ओळखीची ताई, पाठ झालेली तीच वीस कार्डं, आणि ‘हे काय आहे? हे हत्‌…’ असं म्हणत तोंडात दिलेला पहिला आवाज. तो आवाज बऱ्याचदा व्हिडिओतून कापलेला असतो. कार्ड पाहून ‘हत्ती’ म्हणणं आणि तहान लागल्यावर स्वतःहून पाणी मागणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी येत नसेल तर संवाद सुरूच झालेला नाही.

जिभेच्या नावावर होणारी फसवणूक सर्वात जुनी. शिट्ट्या, फुगे, स्ट्रॉ, कंप पावणारा ब्रश, ‘जीभ मजबूत करा’. बोलायला जिभेच्या एकूण ताकदीचा थोडासाच भाग लागतो. अडचण असते ती वेगाची, नेमकेपणाची आणि क्रमाची, आणि हे तिन्ही आवाज, शब्द बोलूनच शिकले जातात. फुंकर मारायचा सराव केला तर फुंकर सुधारते. बाल्यावस्थेतील वाचा-अ‍ॅप्रॅक्सिया असेल, म्हणजे मेंदूला उच्चाराच्या हालचाली आखणं जड जात असेल, तर एकेका सेशनमध्ये मोजक्या शब्दांच्या भरपूर आवृत्त्या लागतात. तिथे शिट्टीत घालवलेला अर्धा वेळ म्हणजे गमावलेला उपचार. तसंच ‘जीभ चिकटली आहे, कापली की बोलेल’. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर काही मुलांना लहानपणी दूध ओढायला त्रास होतो, क्वचित काही उच्चार अडतात. पण आखूड पडद्यामुळे मुलाला शब्द सुचत नाहीत, सांगितलेलं समजत नाही, ते बोट दाखवत नाही, असं होत नाही.

अडखळत बोलणाऱ्या मुलांच्या पालकांना ‘सात दिवसांत सुटका’ विकली जाते. यातली चलाखी समजून घ्या. ठेक्यावर एकेक अक्षर तोडून बोललं, कुजबुजलं, किंवा कोणाबरोबर एकसुरात वाचलं की बहुतेकांचं अडखळणं जागच्या जागी कमी होतं. शिबिराच्या शेवटच्या दिवशीचा व्हिडिओ असाच काढतात. घरी, भांडताना, वर्गात उत्तर देताना ठेका सुटतो आणि अडखळणं परत येतं. आता सोबत ‘माझंच चुकलं’ ही भावनाही असते. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या लिडकोम पद्धतीत पालक रोज घरच्या बोलण्यातल्या अडखळण्याला आकडा देतात. खोलीतली प्रगती घरी उतरली का, हे अशा नोंदीतूनच कळतं.

सर्वात क्रूर प्रकार न बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत घडतो. मुलाचा हात किंवा कोपर धरून कुणी ‘सहाय्यक’ त्याच्याकडून अक्षरफळ्यावर टाइप करून घेतो, आणि अचानक लांबलचक, सुंदर वाक्यं उमटतात. आईवडिलांना काय वाटत असेल! पण 1993 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या ओ. डी. हेक या विकासात्मक अपंगत्व असलेल्यांच्या केंद्रातल्या तपासणीत टाइप करणाऱ्या ऑटिस्टिक व्यक्तीला एक चित्र आणि सहाय्यकाला दुसरं दाखवलं, तेव्हा उत्तर सहाय्यकाच्या चित्राचं आलं. सहाय्यक बहुधा प्रामाणिक असतो, त्यालाही कळत नाही की लिहितोय तोच. हात न धरता फळा समोर हवेत धरण्याच्या प्रकारालाही 2018 मध्ये अमेरिकन वाचा-श्रवण संघटनेने विरोध नोंदवला आहे. म्हणून कसोटी सोपी ठेवा: सहाय्यकाला खोलीबाहेर पाठवा, मुलाला एक वस्तू दाखवा, सहाय्यकाला परत बोलवा आणि काय पाहिलं ते मुलाला विचारा. ‘अविश्वास दाखवला तर मूल मिटून जातं’ हे उत्तर मिळालं तर तिथून निघा. मूल स्वतःच्या बोटाने चित्रं किंवा बोलकं यंत्र वापरतं ती पद्धत वेगळी आणि चांगली आहे. तिच्यामुळे बोलणं थांबत नाही.

‘शरीरातले जड धातू काढतो’ म्हणणाऱ्यांकडे लघवी तपासण्याआधी मुलाला धातू बाहेर ओढणारं औषध देतात आणि आलेला आकडा औषध न घेतलेल्यांच्या मर्यादेशी ताडतात. अहवाल वाढलेला येणारच. 2005 मध्ये अमेरिकेत अशा उपचारात रक्तातलं कॅल्शियम कोसळून पाच वर्षांचा मुलगा दगावला. याबाबत ‘करून तर पाहू’ म्हणू नका.

पैसे देण्याआधी घरी दहा मिनिटं खेळताना मुलाचं रेकॉर्डिंग करा, स्वतःहून बोललेले वेगवेगळे शब्द मोजा, खुणा न करता सांगितलेल्या पाच गोष्टी समजतात का लिहून ठेवा. तीन महिन्यांनी त्याच खेळण्यांनी पुन्हा करा. थेरपिस्टकडून उद्दिष्ट लेखी मागा, ते असं दिसायला हवं: ‘आठ आठवड्यांत खेळताना, न सुचवता, दहापैकी आठ संधींना दोन शब्द जोडून मागेल.’ चांगला थेरपिस्ट पालकाला आत बसवतो, घरी काय करायचं ते दाखवतो आणि हमी देत नाही. नोंदणी क्रमांक संबंधित परिषदेच्या यादीत स्वतः तपासा. भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका.

आलेले शब्द गळू लागले तर मात्र कोणत्याही पॅकेजच्या मध्यावर असाल तरी थांबा आणि बालमज्जातज्ज्ञांकडे जा. 1957 मध्ये वर्णन झालेल्या लँडाउ-क्लेफ्नर आजारात चांगलं बोलणाऱ्या मुलाला, साधारण तीन ते सात या वयात, बोललेलं समजेनासं होतं. बाहेरून ते बहिरं झाल्यासारखं दिसतं आणि खरं कारण झोपेतल्या ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीत, सापडतं.

पैसे आधीच अडकले असतील तर पुढचा हप्ता थांबवा. प्रत्येक सेशनची नोंद, चाचण्यांचे मूळ गुण आणि व्हिडिओ लेखी मागा. मुलाचे व्हिडिओ जाहिरातीतून काढायला सांगा, संमती मागे घेतल्याचं तारखेसह लिहून द्या. हमीच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पावत्या, संदेश एकत्र ठेवा, ग्राहक तक्रारीला आणि व्यावसायिक परिषदेकडच्या तक्रारीला तेच लागतात. आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका, श्रवणचाचणीची वेळ याच आठवड्यात घ्या.