फूबार२००० : दिसायला रुक्ष, वाजवायला चोख

घरचा कॉम्प्युटर जुना, रॅम चार जीबी, आणि ब्राउझर उघडला की त्यातली बरीचशी तिथेच संपते. त्यामुळे गाण्यांच्या प्लेअरकडून माझी अपेक्षा साधी होती: डबल क्लिक केलं की गाणं सुरू व्हावं आणि बाकीची कामं अडू नयेत. व्हीएलसी मशीनवर आहेच आणि काहीही वाजवतो, पण तो पिंडाने व्हिडिओवाला. एक फाइल ऐकायला ठीक, हजारो गाण्यांचा संग्रह त्यात सांभाळायचा म्हणजे वैताग. शेवटी विंडोजवर फूबार२००० ठेवला.

पीटर पाव्लोव्स्की हा याचा कर्ता. विनअँप हा जुना प्लेअर बनवणाऱ्या नलसॉफ्ट कंपनीसाठी त्याने पूर्वी काम केलं होतं, आणि फूबारची पहिली आवृत्ती २००२ च्या डिसेंबरात आली. फुकट आहे, जाहिराती नाहीत. सोर्स कोड मात्र खुला नाही. ज्यांना ते खटकतं त्यांनी आधीच ओळखून असावं. इन्स्टॉल करताना 'पोर्टेबल' पर्याय निवडला की सेटिंगसकट सगळं एकाच फोल्डरमध्ये राहतं. मशीन फॉरमॅट करायची वेळ आली तर तो फोल्डर कॉपी करायचा, बस.

रूप? काही नाही. करड्या चौकटी आणि याद्या, एखाद्या अकाउंटच्या सॉफ्टवेअरसारखं. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत डार्क मोड आणि ६४-बिट मिळालं, तेवढाच काय तो साजशृंगार. मला चालतं. गाणी ऐकताना खिडकी मिनिमाइज्डच असते.

खरी गंमत ऐकताना कळते. माझ्याकडे मैफलींची रेकॉर्डिंग आहेत, आणि त्यांचे ट्रॅक मध्येच तोडलेले. एमपी३ बनवताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते, कारण हा फॉरमॅट आवाज ११५२ नमुन्यांच्या (सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या क्षणोक्षणी घेतलेल्या मोजमापांच्या) ठरावीक तुकड्यांत भरतो. साध्या प्लेअरवर दोन ट्रॅकच्या मध्ये हिसका बसतो आणि टाळ्या कात्रीने कापल्यासारख्या थांबतात. एमपी३ बनवणारा लेम हा प्रोग्राम (एन्कोडर) ही जोडशांतता नेमकी किती ते फाइलमध्येच लिहून ठेवतो. फूबार ते वाचतो आणि तेवढा भाग गाळतो. वेगळं काही सेटिंग लागत नाही. टाळ्या एका ट्रॅकमधून दुसऱ्यात सलग जातात.

दुसरी गोष्ट रिप्लेगेन, म्हणजे सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीला आणायची सोय. जुनी रेकॉर्डिंग दबलेली, नवी कानठळ्या बसवणारी, आणि हात सारखा आवाजाच्या बटणावर. गाणी निवडायची, राइट क्लिक करून रिप्लेगेन स्कॅन लावायचं आणि आलेले आकडे टॅगमध्ये, म्हणजे फाइलमध्येच गाण्याचं नाव-कलाकार वगैरे माहिती असते तिथे, सेव्ह करायचे. मूळ आवाजाला धक्का लागत नाही, वाजवताना फक्त पातळी जुळवली जाते. सलग ऐकायच्या अल्बमना 'अल्बम गेन' (अख्ख्या अल्बमला एकच फरक) लावा, नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणंही बाकीच्यांइतकं वर येतं.

टॅगची साफसफाईही इथेच उरकते. एमपी३मध्ये टॅग लिहायची रीत म्हणजे आयडी३. तिची पहिली पद्धत म्हणजे फाइलच्या शेपटीला १२८ बाइट, त्यात गाण्याच्या नावाला ३०. देवनागरीची तिथे वाताहतच व्हायची. प्रॉपर्टीज उघडून अख्ख्या फोल्डरचा कलाकार किंवा अल्बम एका झटक्यात बदलता येतो, आणि फाइलच्या नावावरून टॅग आपोआप भरण्याची सोयही आहे. पावसाळी दुपारचं काम.

रँडम आणि शफल हे मेनूत वेगळे पर्याय आहेत हे नवख्याच्या लक्षात येत नाही. रँडममध्ये तेच गाणं लगेच पुन्हा येऊ शकतं. शफलमध्ये सगळी यादी संपेपर्यंत येत नाही. 'हा सारखं तेच वाजवतो' अशी तक्रार असेल तर आधी तिथे बघा.

खटकलेलं सांगायचं तर एमपी३ मध्ये रूपांतर करायला एन्कोडरचा संच वेगळा उतरवावा लागतो, आणि सेटिंगचं जंगल बघून माणूस बिचकतो. घरातल्या बाकीच्यांना फूबार आवडलेला नाही, त्यांच्यासाठी म्युझिकबी हा दुसरा प्लेअर टाकलाय; अल्बमची चित्रं मोठी दिसतात, मांडणी लगेच समजते, पण माझ्या मशीनवर उघडायला जास्त वेळ घेतो. लिनक्सवाल्यांनी ऑडेशस हा प्लेअर बघावा. तोही हलका, आणि विनअँपच्या जुन्या स्किन (प्लेअरचं रूप बदलणारे साज) त्यावर अजून चढतात.