रांग की गुण : ग्रीन कार्डची प्रतीक्षा आणि कॅनडाचा कायम निवास

एच-१बी या अमेरिकेच्या तात्पुरत्या नोकरी-व्हिसावर आठ-दहा वर्षे काढलेले, आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर होऊनही ग्रीन कार्ड कधी हाती येईल हे सांगू न शकणारे माझे अनेक स्नेही हल्ली एकच गोष्ट विचारतात : थांबावे, की कॅनडाला अर्ज करावा? आम्ही हा निर्णय २०२३ मध्ये घेतला आणि पुढच्या वर्षी न्यू जर्सी सोडून टोरांटोजवळच्या मिसिसागाला आलो. पगार, कर आणि हिवाळा यांची तुलना सर्वांना ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते या दोन देशांत माणसाचा क्रम कोणत्या निकषावर ठरतो, याविषयी.

अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला सुमारे १,४०,००० ठेवली. पती, पत्नी आणि मुले याच आकड्यात मोजली जातात. त्यावर कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांची मर्यादा आहे. इथे नागरिकत्व पाहिले जात नाही, जन्मस्थान पाहिले जाते, आणि याचा अर्थ मला माझ्या आतेभावामुळे समजला. तो आणि मी पुण्यात एकाच शाळेत शिकलो, अभियांत्रिकीचे महाविद्यालयही एकच होते. फरक इतकाच, की आत्याचे यजमान तेव्हा मस्कतला नोकरीला असल्यामुळे त्याचा जन्म तिथे झाला आणि तीन वर्षांचा असताना तो पुण्यात आला. त्याचा पासपोर्ट भारताचाच आहे, पण त्याचा अर्ज ओमानच्या वाट्यात मोजला गेला आणि दोन-अडीच वर्षांत त्याला ग्रीन कार्ड मिळाले. जोडीदाराचा जन्मदेश दोघांनाही लागू करून घेता येत असल्यामुळे साताऱ्यात जन्मलेल्या वहिनींनाही ते त्याच्याबरोबरच मिळाले. त्याच्या भाग्याचा मला मनापासून आनंद आहे, परंतु या नियमाचे समर्थन मला अजूनही सापडलेले नाही.

मर्यादेच्या बाजूने जे म्हटले जाते ते मी हलके मानत नाही. एकूण आकडा न वाढवता ती उठवली, तर काही वर्षे बहुतेक कार्डे भारतीयांकडेच जातील आणि फिलिपिन्सची परिचारिका किंवा घानाचा संशोधक आमच्या मागे उभा राहील, ही भीती खरी आहे. ही मर्यादा काढण्याचे विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला वेगळा मसुदा मान्य केला, पण दोन्हींचा मेळ बसला नाही आणि कायदा झाला नाही. देशादेशांत समतोल राखायचाच असेल, तर तो माणसाला कामावर बोलावतानाच राखता येईल, असे मला नम्रपणे वाटते. पर्मची, म्हणजे त्या जागेसाठी पात्र अमेरिकी उमेदवार मिळत नाही हे दाखवण्याची, चाचणी पार केलेल्या, दहा वर्षे कर भरलेल्या माणसाला त्याच्या जन्मगावाकडे बोट दाखवून थांबवणे वेगळे आहे.

तरीही केवळ लांब रांगेमुळे मी निघालो नसतो. माझा निर्णय झाला तो ही रांग मागे सरकते म्हणून. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, मार्च २०१५ ची, ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या प्रवर्गातली. साथीच्या काळात कुटुंब प्रवर्गातली न वापरलेली कार्डे नोकरीच्या प्रवर्गात आल्यामुळे तारखा झपाट्याने पुढे गेल्या आणि सप्टेंबर २०२२ च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (कोणत्या तारखेच्या आधीच्या अर्जदारांना कार्ड मिळेल हे सांगणारे सरकारचे मासिक पत्रक) भारतासाठीची तारीख १ डिसेंबर २०१४ होती. मी अवघ्या तीन-चार महिन्यांच्या अंतरावर होतो. वैद्यकीय तपासणीसाठी डॉक्टर शोधून ठेवला, जन्मदाखल्यांच्या प्रती काढल्या, साताऱ्याहून आईचे प्रतिज्ञापत्र मागवले. ऑक्टोबरच्या बुलेटिनमध्ये तारीख एप्रिल २०१२ झाली आणि डिसेंबरमध्ये ऑक्टोबर २०११. आम्ही कोणतीही चूक केली नव्हती, कोणतेही कागद अपुरे नव्हते, आणि तीन महिन्यांत आम्ही तीन वर्षे मागे गेलो. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. एकविसाव्या वर्षी मूल आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. त्याच्या वयातून आय-१४० प्रलंबित असलेला काळ तेवढा वजा होतो, रांगेत गेलेली वर्षे होत नाहीत. त्या रात्री मी आणि पत्नीने प्रथमच तिच्या वाढदिवसांचा हिशेब मांडला.

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांच्या क्रमाने कायम निवासासाठी निवड करणाऱ्या पद्धतीत, जन्मदेशाची मर्यादा नाही. ती पद्धत निर्दोष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. तिथे वय कठोरपणे मोजले जाते : तिशीपासून दरवर्षी गुण घटतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी वयाचे गुण शून्य होतात. नियमही वरचेवर बदलतात. २०२३ पासून विशिष्ट व्यवसायांसाठी आणि फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या निवडफेऱ्या होऊ लागल्या आणि मार्च २०२५ पासून नोकरीच्या प्रस्तावाचे गुण काढून टाकले गेले. आम्ही माझ्याऐवजी पत्नीला मुख्य अर्जदार केले, कारण ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे आणि तिचे आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतले गुणही माझ्यापेक्षा चांगले होते. तरीही साडेचारशेच्या आसपासच अडकलो होतो. प्रांताचे नामांकन (कॅनडातल्या एखाद्या प्रांताची शिफारस) मिळून त्यात आणखी सहाशे गुण जमा झाले तेव्हा मार्ग मोकळा झाला. पगार सुमारे एक चतुर्थांश कमी झाला आणि मला नोकरी मिळायला पाच महिने लागले, हेही सांगितले पाहिजे. पण कुठे कमी पडतो ते दिसत होते आणि त्यातले काही सुधारता येत होते. मुलांसाठी वयाची अट बावीसच्या आत, आणि पूर्ण अर्ज पोहोचल्याच्या दिवशीचे वयच धरले जाते, हे वाचल्यावर पत्नीने उरलेल्या अटी वाचायच्या आधीच होकार दिला.

ज्यांना ईबी-१ ची, म्हणजे असामान्य कर्तृत्वाच्या किंवा वरिष्ठ पदावरच्या लोकांसाठीच्या प्रवर्गाची, खरी शक्यता आहे, ज्यांची मुले लहान आहेत, किंवा ज्यांचे वय चाळिशीच्या बरेच पुढे गेले आहे, त्यांनी अमेरिकेतच थांबणे शहाणपणाचे ठरू शकेल. इतरांनी दोन गोष्टी याच आठवड्यात तपासाव्यात : पती-पत्नींपैकी कोणाचा जन्म भारताबाहेर झाला आहे का, आणि दोघांपैकी कोणाच्या नावाने कॅनडाचे गुण अधिक भरतात. आमच्या घरी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तीन वर्षे आधीच काढता आले असते. तेव्हा पत्नीचे वयाचे गुण आणखी पंधरा अधिक होते.