'ऑफिसपासून १ किमी'वर जाऊ नका: भाड्याचं घर शोधायच्या ॲपचा रिव्ह्यू

५ पैकी अडीच स्टार. नाव लिहीत नाही, मुंबईत घर शोधत असाल तर तुमच्याही फोनमध्ये असेल कदाचित. आधी चांगलं सांगते, फोटो खरे असतात, डिपॉझिटचं फिल्टर मस्त चालतं, ब्रोकरेज लागणार का ते वरच दिसतं. सगळा घोळ आहे तो अंतराचा.

माझं ऑफिस परळला, केईएमच्या बाजूला. प्रभादेवी पश्चिमेला एक वन बीएचके दिसला, खाली हिरव्या अक्षरात 'ऑफिसपासून १ किमी'. म्हटलं वा, चालत जाऊ, पण मध्ये वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाइनी आडव्या आहेत त्याचं काय? एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडायला बंद केला, मग टॅक्सीने जायचं तर दादरच्या टिळक ब्रिजवरून नाहीतर करी रोडवरून वळसा, आणि पायी जायचं तर सकाळच्या गर्दीत स्टेशनच्या पादचारी पुलावर धक्के खात.

कस्टमर केअरला फोन केला तर ती मुलगी म्हणते, "मॅडम, अंतर बरोबरच आहे." आणि गंमत म्हणजे ती खोटं बोलत नव्हती! हे ॲप लावतं ते दहावीच्या भूमितीतलं अंतराचं सूत्र, निर्देशक भूमितीचं प्रकरण आठवा. दोन बिंदूंच्या x मधला फरक, y मधला फरक, दोघांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. समजा ऑफिस फ्लॅटपासून ८०० मीटर पूर्वेला आणि ६०० मीटर दक्षिणेला आहे. ६४०००० अधिक ३६००००, झाले १००००००, वर्गमूळ १०००, म्हणजे बरोब्बर १ किमी. पायथागोरसच आहे हा, आपण मोजतोय कर्ण. पण रस्त्याने जाणारा माणूस कर्णावरून जातो कुठे, तो दोन बाजूंवरून जातो, ८०० अधिक ६००, म्हणजे १४०० मीटर, तेही रस्ते काटकोनात आणि मध्ये रूळ नाहीत असं धरून.

'२ किमीच्या आत' हा स्लायडर तर बघाच. नकाशावर गोल वर्तुळ काढतो, कारण एका बिंदूपासून सारख्या अंतरावरचे सगळे बिंदू म्हणजे वर्तुळ. त्या गोलात खाडी आली, खारफुटी आली, रेल्वे यार्ड आलं तरी याला पत्ता नाही. (काटकोनी रस्त्यांप्रमाणे मोजलं असतं तर गोल नाही, टोकावर उभा केलेला चौरस आला असता, तो निदान खऱ्याच्या जरा जवळ.)

सगळ्यात भारी मढ आणि वर्सोवा. मैत्रिणीचं ऑफिस वर्सोव्याला, तिला मढचे फ्लॅट 'अगदी जवळ' म्हणून दाखवत होता. सरळ रेषेत जवळच आहेत, मध्ये फक्त खाडी, फेरीबोटीने काही मिनिटांत पलीकडे. पण गाडी काढलीत तर मार्वे रोडने मालाड गाठून वीसेक किलोमीटरचा फेरा.

कमेंटमध्ये कोणीतरी लिहिलंय की पृथ्वी गोल आहे म्हणून अंतर चुकतं. तसलं काही नाही हो. आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किमी आणि रेखांशाचा साधारण १०५, एवढं धरून अंशांचे किलोमीटर केले की शहरातल्या शहरात सपाट कागदावरचं सूत्र मस्त चालतं. सूत्राला नावं ठेवू नका. ते दोन बिंदूंमधलं कमीत कमी अंतर सांगतं, त्याहून कमी कोणालाच जमणार नाही, म्हणून लांबची घरं गाळायला उत्तम. ऑफिसपासून सरळ रेषेत १२ किमीवर असलेलं घर रस्त्याने कधीच ८ किमी होणार नाही. पण जवळचं घर निवडायला हा आकडा घेऊ नका.

हिरव्या आकड्याशेजारी 'सरळ रेषेत' एवढे दोन शब्द टाकले तर एक स्टार लगेच वाढवीन, चालायची मिनिटं दाखवली तर चार देईन. तोपर्यंत लिस्टिंगचा पत्ता कॉपी करा, नकाशात टाका, चालत जायचा ऑप्शन निवडा आणि मगच मालकाला फोन लावा.