बुडखे उपटायला हाताचं पुलिंग मशीन: 1.6 टनी मॉडेल घ्यावं का?

बांधावरच्या बाभळी-सुबाभळी तोडल्या की बुडखे उरतात, आणि पाऊस पडला की त्यांनाच पुन्हा फुटवे येतात. चार-सहा बुडख्यांसाठी जेसीबी बोलावणं परवडत नाही. फळबागेत तर तो ठिबकच्या नळ्या तुडवतो आणि खालचा मुरूम वर आणतो. अशा शेतकऱ्याने लिव्हरवर चालणारं 1.6 टनी पुलिंग मशीन जरूर घ्यावं. बुडखे पन्नासच्या पुढे असतील तर मात्र जेसीबीच बरा.

मशीनमध्ये दोन जबडे असतात. लिव्हर मागेपुढे केली की एक जबडा तारेचा दोर धरून ओढतो, तेवढ्यात दुसरा पुढची पकड घेतो. एका फेरीत दोर जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर सरकतो, पण ताण सुटत नाही. दोर ड्रमवर गुंडाळायचा नसल्यामुळे वीस मीटर लांबूनही ओढता येतं. स्वस्त रॅचेट पुलरचा दोर दोन-तीन मीटरचा, त्यामुळे तो मधूनच सोडून पुन्हा बांधावा लागतो. चेन पुली सरळ वर उचलायला उत्तम, पण तिच्या तिपाईचे पाय काळ्या रानात रुततात.

मशीन कितीही चांगलं असलं तरी निम्मं काम कुऱ्हाडीचं आहे. झाड जमिनीसरशी कापू नका, चार-पाच फूट खोड ठेवा. दोर अडकवायचा पट्टा त्याच्या टोकाला बांधला की खोडच तरफेचं काम करतं. बुडाशी बांधलं तर तेवढ्याच ताणात बुडखा हलतसुद्धा नाही. मग भोवती दोन-अडीच फूट खोल चर खणा, आडवी मुळं उघडी करून तोडा. मुळांवरची माती आधी पाण्याने धुवा, नाहीतर खड्यांनी कुऱ्हाडीची धार लगेच जाते. ओढायच्या उलट बाजूची मुळं आधी तोडा, कारण ताण तीच धरून ठेवतात. बाभळीचं सोटमूळ शेवटी बुडखा कलला की खालून दिसतं, तेव्हा तोडावं. हे सगळं वाफशावर करा. उन्हाळ्यात काळी माती दगड होते, तर भर पावसात चिकटून बसते.

मशीन जिवंत झाडाच्या अगदी बुडाशी बांधा. सालीला बारदान गुंडाळा आणि साखळीऐवजी रुंद पट्टा वापरा. फूटभर जाडीच्या बुडख्याला एकेरी ओढ पुरत नसेल तर बुडख्याला कप्पी लावून दोराचं टोक दुसऱ्या झाडाला बांधा. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि भार दोन झाडांत वाटला जातो. कप्पी आणि बुडख्यावरचा पट्टा दोन्ही निदान साडेतीन टनांचे हवेत.

लिव्हरमधली शिअर पिन जास्त भार आला की तुटण्यासाठीच असते. ती तुटली म्हणजे अजून मुळं तोडायची राहिली आहेत. तिच्या जागी खिळा किंवा बोल्ट घालणं, किंवा लिव्हरला पाइप जोडून लांबी वाढवणं हा सरळ धोका आहे, कारण मग पिनऐवजी दोर तुटतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये. दोरावर मधोमध ओलं पोतं टाकावं.

जबड्यात चिखल गेला की पकड घसरते. काम झालं की मशीन रॉकेल किंवा डिझेलने धुऊन भरपूर ऑइल सोडा. ऑइलने पकड सुटेल ही भीती नको, मात्र ग्रॅफाइटचं ग्रीस घालू नका. दोर एकदा पिळून वाकला की त्या जागी तो जबड्यातून जात नाही, म्हणून तो नेहमी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळावा.

घेताना दोर मशीनवर लिहिलेल्या व्यासाचाच आहे ना, ते पाहा. 1.6 टनी मशीनला साधारण 11 मिलिमीटरचा लागतो आणि बारीक दोर जबड्यात घसरतो. दुकानातच भार नसताना दोर आत-बाहेर चालवून बघा आणि सुट्या पिना मागून घ्या. ज्या दुकानात पिना मिळत नाहीत, तिथून मशीन घेऊ नका.